हे कुणाकडून आलं?

पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट हातात पडला की माणसं तो तिथेच, रांगेच्या कडेला उभी राहून उघडतात. घरी जाईपर्यंत कुणाला दम नसतो. परवा अशाच एका काउंटरपुढे एका सासूबाईंनी सुनेच्या टॉर्च टेस्टचा, म्हणजे बाळाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांच्या रक्ततपासणीचा, कागद उघडला, बोट एकेका ओळीवरून खाली नेलं, ठळक छापलेल्या शब्दापाशी थांबवलं आणि काचेपलीकडच्या मुलीला विचारलं, "अगं, हे हर्पिस पॉझिटिव्ह म्हणजे? हे कुणाकडून आलं?" मुलगी म्हणाली, "डॉक्टरांना दाखवा काकू," आणि तिनं पुढचा नंबर पुकारला. सून मोबाईलमध्ये बघत राहिली, मुलगा जिन्याकडे. प्रश्न मात्र सगळ्या रांगेनं ऐकला होता. स्पिरिटचा वास, पंख्याची घरघर, आणि त्यात दोन माणसांच्या मधली हवा एकदम जड झालेली.

त्या ओळीत छापलेलं होतं एवढंच: एचएसव्ही १+२, आयजीजी, पॉझिटिव्ह.

या ओळीचा अर्थ सांगायला एक मिनिट पुरतं, आणि तो कुणी सांगत नाही याचं वाईट वाटतं. हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूचे, म्हणजे एचएसव्हीचे, दोन प्रकार. एक नंबरचा बहुतेक करून ओठांवर आणि तोंडात सापडतो, दोन नंबरचा बहुतेक करून गुप्तांगावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार जगातल्या पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी लोकांच्या शरीरात, म्हणजे ६४ टक्क्यांच्या, एक नंबर आहे. पंधरा ते एकोणपन्नास वयातल्या सुमारे ५२ कोटींच्या, म्हणजे १३ टक्क्यांच्या, शरीरात दोन नंबर. आपल्याकडच्या टॉर्चच्या संचात पुष्कळदा या दोघांची आयजीजी, म्हणजे लागणीनंतर रक्तात तयार होऊन टिकून राहणारी प्रतिद्रव्यं, एकत्रच मोजतात. म्हणून त्या अधिकच्या चिन्हाला महत्त्व आहे. '१+२ पॉझिटिव्ह' म्हणजे दोन्ही आहेत असं नव्हे. दोघांपैकी निदान एक कधीतरी शरीराला भेटून गेलाय, एवढंच. तो लहानपणी आजीनं घेतलेल्या पाप्यातून आलेला असू शकतो. म्हणजे सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर 'तुमच्याचकडून' असंही असू शकतं, आणि ते त्या कागदावरून कधीच कळणार नाही.

एक नंबरची पहिली भेट पुष्कळांना आठवत नाही, कारण तेव्हा वय असतं दोन-तीन वर्षं. सहा महिने ते पाच वर्षं या वयात काही मुलांना चार-पाच दिवस चांगला ताप भरतो, हिरड्या सुजून लाल होतात, जरा बोट लागलं तरी रक्त येतं, जिभेवर, टाळूवर आणि ओठांभोवती बारीक फोड येऊन फुटतात, लाळ गळत राहते आणि मूल घोटभर दूधही पोटात जाऊ देत नाही. घरात म्हणतात, दात येतायत, किंवा उष्णता झालीय. दहा-चौदा दिवसांत सगळं बरं होतं. त्या दिवसांत खरा धोका असतो तो पाणी कमी पडण्याचा. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले तर मुलाला सलाईन लागू शकते. बाकी असंख्य मुलांना एवढंही होत नाही. विषाणू गुपचूप येतो, चेहऱ्याच्या नसेच्या मुळाशी, कानाच्या जरा पुढे कवटीच्या आत असलेल्या मज्जागाठीत जाऊन बसतो आणि आयुष्यभर तिथेच राहतो. दोन नंबरचं ठिकाण कमरेच्या खाली, माकडहाडाजवळच्या मज्जागाठींत. शरीराची संरक्षणयंत्रणा त्याला दाबून ठेवते, हुसकावून लावू शकत नाही. कडक ऊन, ताप, पाळी, जागरणं, मोठं आजारपण, असं काही निमित्त झालं की तो त्याच नसेवरून उलटा प्रवास करत कातडीपर्यंत येतो. त्यामुळे ओठावरची पुळी दर वेळी साधारण त्याच कोपऱ्यावर येते.

ती उठताना नीट पाहिलीत तर तिचा क्रम ओळखीचा होतो. आधी काहीच दिसत नाही, नुसती चुणचुण. त्या जागी हुळहुळतं, खाज येते, जरा गरम लागतं. गुप्तांगाच्या बाबतीत हीच सूचना कधी मांडीत किंवा कुल्ल्यात कळ मारून मिळते. काही तासांत, फार तर दीड-दोन दिवसांत, लालसर जागेवर साबुदाण्याच्या भिजल्या दाण्यांसारखे चार-सहा फोड एकमेकांना चिकटून उठतात. आतलं पाणी आधी नितळ असतं, मग गढूळ होतं. मग ते फुटतात. ओठाच्या कोरड्या कातडीवर पिवळसर खपली धरते. गुप्तांगाच्या ओलसर भागावर खपली धरतच नाही, तिथे उथळ, कडा लाल असलेली, हात लावू देणार नाही अशी जखम राहते. आठ-दहा दिवसांत ती भरते आणि बहुधा व्रणही राहत नाही. हे झालं पुन्हा पुन्हा येणाऱ्या फेऱ्यांचं वर्णन. पहिली फेरी याहून फार वाईट असू शकते. संपर्कानंतर दोन ते बारा दिवसांत अंग मोडून येतं, ताप, डोकेदुखी, दोन्ही बाजूंनी फोड, दोन्ही जांघांत दुखरं अवधाण, आणि लघवी करताना डोळ्यांतून पाणी येईल अशी आग. औषध नसेल तर दोन ते चार आठवडे हे चालतं. काही बायकांची लघवीच अडते, कारण आगीच्या धास्तीनं ती होतच नाही, किंवा तिथल्या नसाच काही दिवस काम करेनाशा होतात. अशा वेळी कोमट पाण्याच्या टबात बसून तिथेच लघवी केली तर आग कितीतरी कमी लागते. हा साधा उपाय चिठ्ठीवर कुणी लिहून देत नाही, आणि रात्री दोन वाजता तोच उपयोगी पडतो.

इतकं पुस्तकी चित्र मात्र थोड्यांच्याच वाट्याला येतं. दोन नंबरची लागण झालेल्या बहुतेकांना ती झाल्याचं माहीतच नसतं, आणि त्यांना काहीच होत नाही असंही नाही. होतं, पण त्याला दुसरं नाव मिळतं. बाईला उन्हाळी लागली म्हणतात. ती धण्याचं पाणी आणि सब्जा पिते, चार दिवसांनी आग थांबते आणि श्रेय सब्जाला जातं. कुणाला गुदद्वाराशी चीर पडते, ती मूळव्याधीच्या खात्यावर. दाढीच्या ब्लेडनं कापलं, पँटनं घासलं, नवा साबण लागला, गजकर्ण झालं. या शेवटच्या समजुतीनं खूप नुकसान होतं. मेडिकलमध्ये जाऊन 'खाजेची ट्यूब' मागितली की पुष्कळदा बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि तीव्र स्टेरॉइड एकत्र असलेलं मलम हातात पडतं. स्टेरॉइडनं लाली आणि खाज दोन दिवसांत उतरते, आणि तिथली प्रतिकारशक्ती दबल्यामुळे विषाणूला रान मोकळं मिळतं. तेच डोळ्यात झालं तर गोष्ट दृष्टीवर जाते. एक डोळा लाल, उजेड सहन होत नाही, सतत पाणी, आणि ओठावर नुकतीच पुळी येऊन गेलेली असेल तर स्टेरॉइडचे थेंब स्वतःच्या मनानं कधीही घालू नयेत. नेत्रतज्ज्ञ डोळ्यात हिरवट रंग टाकून निळ्या प्रकाशात बुबुळावर फांद्यांसारखी जखम आहे का ते पाहतात आणि मगच ठरवतात.

उलटी चूकही होते. नेहमी 'तोंड येतं' म्हणून घाबरलेली माणसं रक्त तपासून घेतात. गालाच्या आत, ओठाच्या आतल्या मऊ बाजूला, जिभेखाली येणारा, मधे पांढरा आणि कडेला लाल असा गोल व्रण बहुतेक वेळा हर्पिसचा नसतोच आणि तो कुणाला लागत नाही. हर्पिस पुन्हा उठतो तो ओठाच्या बाहेरच्या कडेवर, किंवा तोंडात उठलाच तर टाळूच्या टणक भागावर नाहीतर हिरडीवर, आणि आधी फोड असतो. चिठ्ठीवर नुसतं 'हर्पिस' लिहिलेलं असलं की घरचे त्याला नागीण समजतात तेही बरोबर नाही; नागीण कांजिण्यांच्या विषाणूची, कूळ एक असलं तरी ती शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी येते आणि तिच्या औषधाचा डोस बराच मोठा असतो.

मग तपासणी कोणती करायची? माझं ठाम मत आहे की फोड असेल तर फोड तपासावा, रक्त नव्हे.

फोड ताजा असताना, शक्यतो पहिल्या चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत, डॉक्टर निर्जंतुक सुईनं त्याचं टोक फोडतात आणि स्वॅबनं तळाशी नीट, जरा जोर देऊन घासतात. हे दुखतं. दुखू नये म्हणून हळूच वरवर फिरवलेला स्वॅब फुकट जातो, कारण विषाणू पाण्यापेक्षा तळाच्या पेशींत जास्त असतो. स्वॅब पॉलिस्टरचा, प्लास्टिकच्या दांडीचा हवा. लाकडी दांडीचा नको, लाकडातली द्रव्यं पीसीआरच्या आड येतात. तो कोविडच्या काळात सगळ्यांनी पाहिला तशा, गुलाबी द्रवाच्या व्हीटीएम नळीत टाकून दांडी मोडतात, झाकण घट्ट लावतात आणि नळी बर्फाच्या पिशवीबरोबर, २ ते ८ अंश सेल्सियसला, लॅबकडे जाते. कागदावर 'एचएसव्ही १ व २ पीसीआर, प्रकारासह' असं लिहून घ्यायचं. या तपासणीनं विषाणू आहे की नाही हे कळतं, कोणता आहे हे कळतं आणि तो नेमका कुठे सापडला हेही कळतं. रक्ताच्या तपासणीत हे शेवटचं कधीच कळत नाही.

ही तपासणी कुठे फसते तेही सांगायला हवं. जखमेवर खपली धरली असेल, चार दिवस असायक्लोव्हिर हे हर्पिसचं औषध पोटात गेलं असेल, वर हळद किंवा मलम थापलेलं असेल, तर निकाल निगेटिव्ह येऊ शकतो आणि तो 'नाही'चा पुरावा नसतो. अशा वेळी डॉक्टर सांगतात, पुढच्या वेळी पहिल्याच दिवशी या. ते खरंच पहिल्या दिवशी जायला हवं. कातडीच्या ओपीडीत पूर्वीपासून होणारी झँक स्मिअर ही तपासणी स्वस्त आणि लगेच होणारी आहे: फोडाचा तळ खरवडून काचपट्टीवर पसरायचा, रंग द्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली अनेक केंद्रकं असलेल्या मोठाल्या पेशी शोधायच्या. त्या दिसल्या तर हर्पिसच्या कुळातला विषाणू आहे एवढं कळतं. एक नंबर, दोन नंबर की नागीण, हे कळत नाही. आणि गुप्तांगावर कोणतीही जखम असेल तर तिला हर्पिस म्हणून मोकळं होऊ नये. सिफिलिससाठीची व्हीडीआरएल आणि एचआयव्ही या दोन तपासण्या त्याच दिवशी व्हायला हव्यात. उपदंशाची म्हणजे सिफिलिसची जखम बहुधा एकच, कडक आणि न दुखणारी असते, पण शरीर नेहमी नियमानं वागतं असं नाही. शिवाय दोन नंबरचा हर्पिस असणाऱ्याला एचआयव्हीची लागण होण्याचा धोका साधारण दोन ते तीन पट असतो.

आता रक्त. त्यातली आयजीएम ही, म्हणजे लागणीनंतर आधी उमटणाऱ्या प्रतिद्रव्यांची, तपासणी हर्पिससाठी करूच नये, इतकी ती दिशाभूल करते. नाव ऐकून वाटतं की आयजीएम म्हणजे नवी लागण. हर्पिसमध्ये जुन्या दुखण्याच्या पुढच्या फेरीतही ती पॉझिटिव्ह येते, कधी भलत्याच विषाणूमुळे येते, आणि एक नंबर की दोन नंबर हे तिला धड ओळखता येत नाही. 'आयजीएम पॉझिटिव्ह, म्हणजे गेल्या महिन्यातलं प्रकरण' असा हिशेब मांडून माणसं एकमेकांच्या फोनची झडती घेतात. त्या हिशेबाला पाया नाही.

आयजीजीचं जरा वेगळं. ती 'प्रकारनिहाय', म्हणजे ग्लायकोप्रोटीन जी या विषाणूच्या आवरणावरच्या प्रथिनावर आधारलेली असेल, तर एक आणि दोन वेगळे सांगू शकते. लॅबला पैसे देण्याआधी हे विचारून घ्यावं. लागणीनंतर आयजीजी रक्तात दिसायला काही आठवडे लागतात. खात्रीसाठी बारा आठवडे थांबायला सांगतात. काल संपर्क आला म्हणून आज केलेली तपासणी जुनंच काहीतरी दाखवील. रिपोर्टवर एक आकडा असतो, त्याला इंडेक्स म्हणतात. प्रचलित किटांमध्ये १.१ च्या वर गेला की पॉझिटिव्ह छापतात. पण दोन नंबरच्या आयजीजीचा आकडा ३.० च्या आत असेल तर तो खोटा पॉझिटिव्ह असण्याची शक्यता बरीच, आणि दुसऱ्या पद्धतीनं खात्री केल्याशिवाय तो खरा धरू नये, असं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची २०२१ ची मार्गदर्शक सूचना सांगते. त्या खात्रीची कसोटी मानली जाणारी वेस्टर्न ब्लॉट तपासणी सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात होते. इथल्या माणसाला ती सहज मिळण्यासारखी नाही. म्हणूनच कसलीही लक्षणं नसलेल्या माणसानं नुसत्या शंकेपोटी ही रक्ततपासणी करून घेऊ नये असं अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीनं २०१६ मध्ये म्हटलं, २०२३ मध्ये पुन्हा म्हटलं. मला हा सल्ला पटतो. १.८ असा आकडा घेऊन महिनोन्महिने जीव टांगणीला लावून बसलेल्या माणसाला त्या तपासणीनं काय दिलं?

एक नंबरच्या आयजीजीबद्दल तर आणखी सरळ बोलता येतं. ती पॉझिटिव्ह असणं हे मोठ्या माणसात जवळपास अपेक्षितच आहे. विषाणू ओठात आहे की खाली, हे ती सांगत नाही. केव्हा आला ते सांगत नाही. कुणाकडून ते तर नाहीच नाही.

टॉर्चची गोष्ट इथे येते. हे नाव आंद्रे नाहमियास या अमेरिकी बालरोगतज्ज्ञानं १९७० च्या दशकात रुळवलं, ते जन्मतः आजारी दिसणाऱ्या बाळांत कोणकोणते संसर्ग शोधायचे हे डॉक्टरांच्या लक्षात राहावं म्हणून: टोक्सोप्लाझ्मा, इतर काही, रुबेला, सायटोमेगॅलो, हर्पिस. आपल्याकडे तो संच बाळाकडून आईकडे सरकला. दोनदा गर्भपात झाला की टॉर्च, दिवस राहत नाहीत म्हणून टॉर्च, लग्नाला दोन वर्षं झाली म्हणून टॉर्च. वारंवार होणाऱ्या गर्भपाताचं कारण शोधताना हर्पिसच्या आयजीजीचा काही उपयोग होत नाही. जुना, झोपलेला हर्पिस हे त्याचं कारण नसतं. तरी ती ओळ ठळक छापली जाते, आधीच दुःखात असलेल्या बाईच्या हातात पडते, आणि तिच्यावर दोन आरोप एकदम होतात. बाळ तुझ्यामुळे गेलं, आणि हा रोग तू कुठून आणलास. दोन्ही आरोप त्या कागदावरून सिद्ध होत नाहीत. हे लिहिताना मला राग येतो आणि तो लपवावा असं वाटत नाही. आयजीएम पॉझिटिव्ह म्हणून महिनाभर असायक्लोव्हिर, मग पुन्हा टॉर्च, मग पुन्हा गोळ्या, अशा फेऱ्यांत घरचे पैसे आणि बाईचा जीव दोन्ही झिजतात.

लागण होते कशी, तर कातडीनं कातडीला. ओठ, तोंड, गुप्तांग, गुदद्वार इथली पातळ त्वचा किंवा कुठलीही बारीक खरचटलेली जागा विषाणू असलेल्या जागेला घासली गेली की पुरे. तोंडातला एक नंबर मुखमैथुनातून खाली जातो. युरोप-अमेरिकेत तरुण मुलामुलींच्या गुप्तांगावरच्या पहिल्या फेरीत आता पुष्कळदा एक नंबरच सापडतो. तो तिथे तुलनेनं शांत असतो, पहिल्या वर्षात एखादी फेरी आणि नंतर त्याहून कमी. दोन नंबर पहिल्या वर्षात सरासरी चारेक वेळा उठतो, मग हळूहळू कमी होत जातो. संडासच्या सीटवरून, पोहण्याच्या तलावातून, कपड्यांच्या बादलीतून तो येत नाही. त्याच्याभोवतीचं स्निग्ध आवरण वाळलं की तो निकामी होतो. कुस्तीत मात्र येतो, कारण तिथे गाल, मान आणि दंड तासन्‌तास घासले जातात. १९८९ मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या एका कुस्ती शिबिरात १७५ पैकी ६० मुलांना तो झाला होता. आपल्या तालमीतही मानेवर किंवा कपाळावर फोडांचा झुपका आलेला पैलवान खपली पडेपर्यंत मातीत किंवा मॅटवर उतरू नये, हे वस्तादानं पाहायला हवं.

जखम नसताना काय, हा प्रश्न सगळ्यांत अवघड. फोड असताना धोका सर्वांत जास्त, हे खरं. पण विषाणू मधूनमधून काहीही न दिसता कातडीवर येत असतो. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन नंबर असलेल्या ४९८ जणांनी रोज स्वतःचे स्वॅब घेतले. ज्यांना पूर्वी लक्षणं आली होती त्यांच्यात सुमारे २० टक्के दिवशी विषाणू सापडला. ज्यांना कधीच काही जाणवलं नव्हतं त्यांच्यातही १० टक्के दिवशी. आता 'कुणाकडून' या प्रश्नाचं काय होतं बघा. नवरा-बायकोपैकी कुणा एकाला लग्नाआधी दहा वर्षांपूर्वी लागण झाली, कधी काही दिसलं नाही, आणि आज दुसऱ्याला पहिली फेरी आली. किंवा ज्याला आज पहिल्यांदा फोड आले त्याचीच लागण दहा वर्षांपूर्वीची आहे, ती आज पहिल्यांदा वर आली. डॉक्टरसुद्धा 'पहिली फेरी' म्हणतात तेव्हा त्यांना 'पहिल्यांदा दिसलेली' एवढंच म्हणायचं असतं. आजचा फोड म्हणजे कालचा व्यभिचार, असं गणित या विषाणूला लागू पडत नाही. यात कधीच कुणी फसवत नाही असं मी म्हणत नाही. फसवलं की नाही हे फोडावरून ठरत नाही, एवढंच म्हणणं आहे.

एकाला आहे आणि दुसऱ्याला नाही, अशा जोडप्यांना करता येण्यासारखं बरंच आहे. चुणचुण सुरू झाल्यापासून कातडी पूर्ण भरेपर्यंत संबंध नकोत. इतर वेळी कंडोम. तो सगळी जागा झाकत नाही म्हणून पूर्ण संरक्षण देत नाही, पण धोका नक्की कमी करतो. आणि रोजची गोळी. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, एकाला दोन नंबर आणि दुसऱ्याला नाही अशी १४८४ जोडपी आठ महिने पाहिली. लागण असलेल्यानं रोज ५०० मिलिग्रॅम व्हॅलासायक्लोव्हिर घेतलं तेव्हा जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ३.६ टक्क्यांवरून १.९ टक्क्यांवर आलं. गोळी न घेतलेल्या जोडप्यांतही आठ महिन्यांत शंभरातल्या तीन-चार जणांनाच लागण झाली, हेही त्यातूनच कळतं. आधी सांगितलं तर माणसं नीट जपतात. सांगणं जड जातं हे मान्य, पण ते अंथरुणात शिरल्यावर सांगायचं नसतं, दिवसाउजेडी चहा पिताना सांगायचं असतं, 'मला हे आहे, मी ही गोळी घेते, तू डॉक्टरांशी बोल आणि ठरव' इतक्या सरळ शब्दांत.

औषधाबद्दल थोडक्यात. पहिल्या फेरीला असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, सात ते दहा दिवस. किंवा व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम दोनदा, तितकेच दिवस. नंतरच्या फेऱ्यांना व्हॅलासायक्लोव्हिर ५०० दोनदा, तीन दिवस पुरतं, पण ते चुणचुणीच्या पहिल्याच दिवशी सुरू व्हायला हवं, म्हणून डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन गोळ्या घरात ठेवलेल्या बऱ्या. असायक्लोव्हिर रक्तात तीन तासांतच निम्मं होतं, त्यामुळे दुपारची गोळी चुकवून रात्री दोन घेतल्यानं तोच परिणाम मिळत नाही. पाणी भरपूर प्यावं, आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर डोस डॉक्टरांनीच ठरवावा. ट्यूबचा उपयोग नगण्य. गोळी विषाणूला वाढू देत नाही. मज्जागाठीत झोपलेल्याला ती पोचतच नाही. 'हर्पिस मुळापासून बरा करतो' असं सांगून पैसे घेणाऱ्यांपाशी काय आहे ते यावरून ओळखावं. खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी मेडिकल कॉलेजात लैंगिक आजारांसाठीचं सुरक्षा क्लिनिक असतं. तिथे फोडांसारख्या जखमेसाठी लाल रंगाचं पाच नंबरचं किट मिळतं, असायक्लोव्हिर ४०० च्या २१ गोळ्या, सात दिवसांच्या, मोफत. कुठे जायचं ते कळत नसेल तर १०९७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारता येतं.

गरोदरपणाचा भाग मात्र घाईनं सांगण्यासारखा नाही. जिला आधीपासून हर्पिस आहे तिच्या शरीरातली प्रतिद्रव्यं बाळाकडे गेलेली असतात. प्रसूतीच्या वेळी फेरी आली तरी बाळाला लागण होण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. जिला शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच लागण झाली तिच्या बाळाला हाच धोका ३० ते ५० टक्के. म्हणून डॉक्टरांपासून हे लपवू नये, आणि सासरच्या समोर विचारलं म्हणून 'नाही' म्हणावं लागू नये, याची काळजी डॉक्टरांनीही घ्यावी. पूर्वी फेऱ्या आल्या असतील तर ३६ व्या आठवड्यापासून असायक्लोव्हिर ४०० दिवसातून तीनदा देतात. कळा सुरू झाल्यावर फोड दिसला किंवा चुणचुण असली तर सिझेरियन करतात. नसेल तर नैसर्गिक प्रसूतीला हरकत नाही. जोडीदाराला ओठावर किंवा खाली फोड येत असतील आणि तिला कधीच आले नसतील, तर शेवटच्या तिमाहीत मुखमैथुनासह संबंध टाळावेत. स्तनावर फोड नसेल तर अंगावर पाजायलाही काही अडत नाही.

बाळ घरी आल्यावर धोका आईकडूनच येतो असं नाही. बाराव्या दिवशी बारसं, घरभर पाहुणे, पाळण्याभोवती गर्दी आणि जो तो बाळाचा पापा घेतो. त्यातल्या कुणाच्या तरी ओठाच्या कोपऱ्यावर कालच उठलेली पुळी असते. अशा माणसानं खपली गळून पडेपर्यंत बाळाला उचलू नये. आईलाच पुळी असेल तर तिनं हात धुऊन, तोंडाला मास्क बांधून पाजावं आणि पापा घेऊ नये. पहिल्या महिन्याभरात बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं, अंग तापलं किंवा उलट गार पडलं, झटके आले, डोळा चिकटला, किंवा डोक्यावर जिथे खरचटलं होतं तिथे पाण्याचा एक जरी फोड दिसला, तर घुटी आणि दृष्ट यांत रात्र घालवू नये. पुष्कळ बाळांच्या अंगावर फोड नसतोच, आणि पुष्कळ आयांना कधी काही झालेलं नसतं, त्यामुळे 'आमच्याकडे कुणाला नाही' या उत्तरावर डॉक्टरांनी थांबू नये. डोळे, तोंड, नाक आणि गुदद्वाराचे स्वॅब, रक्त आणि पाठीतलं पाणी पीसीआरला पाठवायचं, आणि निकालाची वाट न बघता शिरेतून असायक्लोव्हिर सुरू करायचं, किलोमागे २० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी. नुसत्या कातडीवर, डोळ्यात किंवा तोंडात असेल तर चौदा दिवस, मेंदूपर्यंत किंवा अंगभर पसरलं असेल तर एकवीस.